ह्या कोपऱ्याला पाणी दाखवू नका

दार उघडंना.

म्या दोनी हातांनी कडी वढली, कडी सरकली, पर दार जागचं हलंना, आन् आत झोळीत माझं लेकरू. नुकतंच महिन्याचं झालेलं. मघाशी जमिनीखालनं गुडगुड आलं व्हतं, येडशीच्या ठेसनात गाडी यायच्या आधी फलाट हादरतो तसं, आन् लगेच एक हिसका बसला, असा की वाळवणाजवळची परात आपसूक वाजली. मंग फाट्ट करून आवाज झाला. माझ्या डोळ्यांदेखत दाराच्या वरच्या टोकापसनं मागल्या कोपऱ्यापत्तुर भिंतीला तिरपी चीर गेली, दोन बोटं आत जातील येवढी.

शेळी कुरडयांवर आली म्हणून मी बाहेर पळाले व्हते. मांजर आत शिरू नये म्हणून दार वढून कडी घातली. येवढंच केलं म्या. तेवढ्यात झालं.

मी दारावर डोकं आपटायले, वरडायले, शिवू शिवू करायले, जशी काय ती उठून दार उघडणार व्हती. गल्ली जमा झाली. कुणीतरी पहार आणली. "चौकटच उपटा! चौकट निघाली की दार पडतंय!" पहारीचं टोक चौकटीच्या फटीत घुसलं बी.

"चौकटीला हात लावू नका!"

लाडलेचाचा पळत यायले व्हते. सत्तरीचं माणूस, एका पायात चप्पल, एक पाय उघडा. येऊन त्यांनी पहार धरणाऱ्याच्या छातीवर हात ठेवला आन् त्याला मागं ढकललं. मंग चिरेकडं बघितलं. मंग माझ्याकडं.

तिथं पन्नास माणसं असतील. पर ते दार कामून अडकलं हे दोघांनाच ठाऊक व्हतं. एक ते, आन् एक मी.

लाडलेचाचा आमच्या गावचे मिस्त्री. लाडलेसाब त्यांचं नाव, वेशीजवळ दोन खोल्या, बायको जाऊन लई वर्षं झाली, एक लेक नळदुर्गाला दिलेली. अंगानं असे वाळके की बंडी खुंटीला टांगल्यागत दिसायची. आमच्या भागातली अर्धी घरं त्यांच्या हातची, पार मुरुम गावापत्तुर. बोलणं अर्धं मराठी, अर्धं त्यांच्या घरचं, आन् मला पहिल्या दिसापसनं बेटी. मी लग्न होऊन आले तवा आमच्या घरात मला नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं, 'ए' म्हणायचे न्हायतर 'ती'. त्यांनी बेटी म्हणलं, म्हणून असंल, मला ते आधीपसनं आपले वाटायचे. माझी आई मी सातवीत असताना गेली. तवाच शाळा सुटली.

चाचा कुणाच्या बी जागेवर बांधकामाला गेले की आधी चपला काढायचे. मोकळ्या रानात, ढेकळात, उन्हात. अनवाणी फिरायचे, टाच दाबून दाबून. मंग खाली बसून मातीचा खडा उचलायचे आन् दाताखाली धरायचे. आमच्या आत्याबाई, म्हंजी सासू, वसरीतनं बघून म्हणल्या, "मिस्त्रीला भाकरी तरी द्या गं कुणी, माती खायलेत ते."

चाचा म्हणले, "खाऊन बघावं लागतंय आत्याबाई. मुरूम कचकच करतो, काळी दाताला चिकटती. जी चिकटती ती सोडत न्हाय, आन् जी सोडत न्हाय ती एक दिस पाडती."

"म्हंजी सुनंसारखी म्हणा की," आत्या म्हणल्या. सगळे हसले. मी पण हसले, काय करणार.

खोली माझ्यासाठीच बांधायची व्हती. मला दिस गेले व्हते आन् मामा, म्हंजी सासरे, म्हणले की लेकराच्या आधी एक पक्की खोली पाहिजे, मागल्या अंगणात. आमचे हे टरकावर असतात, सोलापूर-हैदराबाद रोडला, महिन्यातनं दोनदा घरी. बांधकाम मामांनीच बघितलं.

पाया खांदला तवाची गंमत गावात अजून सांगतात. कमरेइतकं खांदलं, काळीच. छातीइतकं खांदलं, काळीच. मुहूर्त ठरलेला, जंगमस्वामी नारळ, इभूत घिऊन दारात, मामा नवं धोतर नेसून उभे. आन् चाचा खड्ड्यात उतरले आन् मांडी घालून बसले.

"मिस्त्री, वर या की. मुहूर्त जायलाय."

"मुरूम लागल्याबगर मी वर येत न्हाय."

"अहो पर स्वामी खोळंबलेत!"

"मुहूर्त वरच्याचा असतो मालक, पाया खालच्याचा. दोघाला राजी करावं लागतंय."

स्वामी वरनं वाकून म्हणले, "लाडलेसाब, मंग हे नारळ मी कुणाच्या डोस्क्यावर फोडू?"

"माझ्या फोडा की स्वामी. फकस्त पाणी आत सांडू नका."

दुपारची भाकरी त्यांनी खड्ड्यातच खाल्ली. म्या वरनं कालवण दिलं तर म्हणले, "बेटी, दुरून दे, काठ ढासळंल, तू दोन जिवाची." ते वर आले न्हाईत. शेवटी मामांनी गडी वाढवले, आन् तीन कोपऱ्यांना पुरुषभर खाली मुरूम लागला, पिवळा, तांबूस, टिकाव मारला की ठण्ण वाजणारा. चाचांनी त्याच्यावर हात फिरवला, बैलाच्या पाठीवर फिरवतात तसा.

पर चौथ्याला, मागल्या कोपऱ्याला, मुरूम खालीच गेलेला. दीड पुरुष झालं तरी काळी. मामा म्हणले, "आता काय पाताळात जायचं का? बास करा." चाचा एक अख्खा दिस त्या कोपऱ्याच्या काठावर बसून ऱ्हायले. मंग त्यांनी तिथला खड्डा रुंद केला, लई रुंद, मुरूम आणून थरावर थर धुम्मसानं ठोकला, वर मोठाली फरशी बसवली. मी इचारलं, येवढी रुंद कामून? तर म्हणले, "चिखलात उभी ऱ्हा, पाय रुततो. तिथंच फळी टाकून उभी ऱ्हा, रुतत न्हाय. वजन तेच, पर जमिनीला वाटून दिलं." मंग जोत्याला लोखंड घालून सिमेटाची पट्टी चारी बाजूंनी फिरवली, दाराच्या वर दुसरी. पेंढी बांधतात तसं. "जमीन हलली तर चारी भिंती संग हलाव्यात. एक इकडं, एक तिकडं गेली की घर मेलं."

आन् सगळं झाल्यावर त्यांनी घरातल्या सगळ्यांना मागल्या कोपऱ्यापाशी बोलावलं. मामा, आत्या, माझा दीर, मी. म्हणले, "तीन कोपरे माझे. हा चौथा तुमचा. ह्या कोपऱ्याला पाणी दाखवू नका. मोरी नक्को, झाड नक्को, रांजण नक्को. हा कोरडा ऱ्हायला तर तुमच्या नातवंडांना पुरंल."

सगळ्यांनी माना हलवल्या. मामांनी मोरी पुढच्या अंगाला काढली, पाइप घालून पार रस्त्यापत्तुर नेली. खोटं कशाला बोलू, त्यांनी सगळं ऐकलं.

मला मात्र ते पटलं नव्हतं. माती ती माती, पाण्यानं मऊ होईल, येवढी मोठी भिंत तिला काय भीक घालती? तसं म्या बोलून दाखवलं एक दिस च्या देताना. चाचांनी च्याचा रिकामा गिलास घेतला, त्यात वाळलेल्या काळ्या मातीचा चुरा अर्ध्याला भरला, बाहेरनं दोरा बांधून खूण केली, वरनं पाणी वतलं आन् मातीवर आपला पितळी ओळंबा ठेवला, तो भिंत सरळ बघायचा. म्हणले, "सकाळी बघ."

सकाळी माती दोऱ्याच्या वर बोटभर आली व्हती आन् ओळंबा उचललेला. जड पितळ, पायावर पडलं तर बोट मोडंल येवढं.

"येवढीशी मिट्टी येवढं उचलती," चाचा म्हणले. "कोपऱ्याखाली गाड्याच्या गाड्या हाय. पाणी पिऊन फुगती, तहान लागली की आकसती. सगळीकडं सारखी फुगली तर घर नावेगत वर येतं, खाली जातं, कुणाला कळत बी न्हाय. पर एकच कोपरा फुगला, की घराची मान मुरगळती."

त्यांची अजून एक सवय व्हती, गावातली पोरं त्याची नक्कल करायची. आमच्या इकडं अधनंमधनं जमीन गुरगुरती, लोकांना सवय झालीया, भांडी वाजली की 'झालं' म्हणून परत कामाला लागतात. पर गुरगुरलं की चाचा आपल्या घरांची फेरी धरायचे. हातातली थापी तशीच टाकून. घरोघर जाऊन दारं उघडून लावून बघायचे, राम राम न्हाय, सलाम न्हाय, आधी दार. कुठं चीर दिसली की तिच्यावर ज्वारीच्या खळीनं कागदाची पट्टी चिकटवायचे. कागद फाटला तर भिंत चालायली, शाबूत ऱ्हायला तर निजली. आमच्या शेजारची म्हातारी एकदा म्हणली, "लाडल्या, माझ्या घराला ताप आलाय का, पट्ट्या ठेवायलास ती?" चाचा गंभीरपणानं म्हणले, "हौ भाबी, आजची रात काढली तर वाचंल."

असं का करतात, ते मला त्यांनीच सांगितलं. इकडं तो मोठा भूकंप झाला तवा चाचा भर उमेदीत व्हते. त्या काळी जाड भिंत म्हंजी इज्जत. दोन-दोन हात रुंद, गुंडे दगड, मातीत रचलेले, वर मातीचं धाबं. ज्याची भिंत जाड त्याच्या लेकीला सोयरीक चांगली यायची. आन् सगळ्यात जाड भिंत लाडलेसाब मिस्त्रीची.

"मी बांधलेल्या भिंतीखालनं मी माणसं काढली, बेटी," ते म्हणले. "दगड वळखीचे व्हते. अंधळ्यानं हात लावावा तसं हाताला कळायचं, हा मी इथं बसवलेला, हा तिथं. एक लेकरू काढलं, त्याच्यावर जो दगड व्हता तो मला आठवत व्हता. लई देखणा व्हता म्हणून मी तो दर्शनी बाजूला लावला व्हता."

येवढं बोलून ते उठले आन् पाण्याचा डेरा तपासायले, आत कायबी नसताना. परत त्यो विषय काढला न्हाय.

आता ती गोष्ट सांगते जी म्या कुणालाच सांगितली न्हाय.

पहिलं बाळंतपण माहेरी असतं, पर मला आई न्हाय, तवा सासरीच झालं. दवाखान्यातनं तिसऱ्या दिशी घरी आले. आमच्यात बाळंतिणीच्या न्हाणीला येगळा खड्डा काढतात. मोरीत अंघोळ करायची न्हाय, मोरी सगळ्यांची. सव्वा महिना बाळंतीण आन् लेकरू त्या खड्ड्यावर फळी टाकून न्हाणार, पाचवी तिथंच पुजणार, आन् लेकराची नाळ गळून पडली की त्याच खड्ड्यात पुरणार. बापय, म्हंजी पुरुष माणूस, त्या बाजूला फिरकत बी न्हाय. आन् आडोसा कुठं? नव्या खोलीच्या मागं. चौथ्या कोपऱ्यापाशी. आत्यांनी स्वताच कुदळ घिऊन खड्डा काढला, लुगड्याचा पडदा बांधला. त्यांच्या मनात वंगाळ कायच नव्हतं. मोरी न्हाय, झाड न्हाय, रांजण न्हाय, हे त्यांनी पाळलंच व्हतं की. बाळंतिणीची न्हाणी ह्यातलं काय असती का? माझ्या बी ध्यानात आलं न्हाय. अंगाला तेल लागायचं, ऊन ऊन पाणी डोक्यावरनं पडायचं, मी डोळे मिटून बसायचे. आई गेल्यापसनं मला कुणी न्हाऊ घातलं नव्हतं.

रोज सात-आठ बादल्या. चैताचं ऊन, आजूबाजूच्या रानाला हात जाईल येवढ्या भेगा, आन् त्या कोपऱ्यात लोण्यावानी चिखल.

चाचा लेकरू बघायला आले, खजूर आन् झबलं घिऊन. सवयीनं दार हलवून बघितलं. दार खालनं घासलं. चाचांचं तोंड उतरलं. ते खोलीच्या कडंनं मागं गेले आन् पडदा दिसल्याबरुबर तिथनंच मागं फिरले, मान खाली. आत्या चुलीपाशी डिंकाचे लाडू वळायल्या व्हत्या. चाचा माझ्याजवळ आले, माझ्याकडं न बघता बोलले.

"बेटी, मागं पाणी कुठनं येतंय?"

म्या पदर तोंडाला लावला. 

"समजलं," ते म्हणले. "त्या जागेचं बोलायला मला तोंड न्हाय. मी परका मर्द, तुझ्या सासूला कसं बोलू? तू सांग. आजच बुजवा, तिकडं लिंबाखाली पडदा बांधा. दार घासायलंय म्हंजी कोपरा उठायला लागला. सांगशील ना?"

"व्हय चाचा."

"आजच."

"व्हय."

म्या सांगितलं न्हाय.

नाळ त्या खड्ड्यात पुरलेली. सव्वा महिन्याआधी खड्डा बुजवणं म्हंजी काय, हे आत्यांनी मला पाचवीच्या दिशीच सांगून ठेवलं व्हतं, लेकराच्या जिवावर बेततं म्हणून. त्यात सांगणारा मिस्त्री. 'त्यांनी तिथं बघितलंच कसं?' हाच पहिला सवाल येणार व्हता. सकाळी ठरवायचे, आज बोलते. तेलाची वाटी घिऊन आत्या मागं यायच्या, माझ्या केसांत हात घालायच्या, आन् मी गप. बारा दिस उरले व्हते. म्हणलं, निघून जातील. दार रोज थोडं जास्त घासायचं. मी खांद्यानं ढकलून लावायचे, कुणाला कळू नये म्हणून हळू.

आन् चाचा सांगून गेले त्याच्या पाचव्या दिशी जमीन हलली.

तर दारात पन्नास माणसं, आन् चाचा पहार मागं ढकलून उभे. आत शिवू रडायली व्हती, मोठ्यानं, म्हंजी जिती व्हती. मी त्यांची बंडी धरली. "चाचा, दार फोडा, पाया पडते, फोडा."

"दारातनं काढायचं न्हाय. दार आन् कोपऱ्याच्या मधला सगळा तुकडा सुटलाय. चौकटीवर रेलून बसलाय तो. चौकट काढली की तो कोसळणार. झोळी कुठंय?"

झोळी त्याच अंगाला व्हती. वारा लागतो म्हणून म्याच तिकडं बांधली व्हती.

चाचांनी दोघाजणांना शेळ्यांच्या शेडाचे वासे उपटायला लावले. ते तिरपे लावून भिंतीला बाहेरनं टेकू दिला, बुडाशी दगड ठोकला. वासे बरुबर जागेवर बसले. मंग ते घराला वळसा घालून निघाले.

"कुठं जायलाव? दार इकडं हाय!"

"खिडकीतनं."

उगवतीच्या भिंतीला खिडकी व्हती, लोखंडी गजांची. त्यांनी छन्नी मागवली आन् गजाच्या मुळाशी घाव घालाय लागले. एक गज. लोक म्हणायले, म्हाताऱ्याला खूळ लागलंय, आख्खा तास जाईल. मी म्हणले, न म्हणायचं ते म्हणले. "तुमच्या भिंतीनं एक लेकरू खाल्लं, आता माझं खायलीया!" असं म्हणले मी. त्यांना. ज्यांनी ते फकस्त मला सांगितलं व्हतं.

त्यांनी घाव थांबवला न्हाय. येवढंच म्हणले, "ही भिंत मुरमावर बसलीया बेटी. हिला मी वळखतो. हिच्यावर कितीबी घाव घाल, ही दगा देत न्हाय."

दुसरा गज निघाला आन् आतलं रडणं थांबलं.

ते गप बसणं मी कसं सांगू? मी खिडकीत तोंड घालून हाका मारायले, आत नुसती धूळ. आन् तवाच परत गुडगुड झालं. पत्रे खडखडले, लोक पळाले, माझा दीर मला वढून घिऊन गेला. मागं वळून बघितलं तर चाचा तिथंच, भिंतीला पाठ लावून, दोनी तळहात इटांवर दाबून, डोळे मिटलेले. काय पुटपुटायले व्हते. टेकू करकरले. दाराकडचा तुकडा हलला, मला दिसलं, वितभर हलल्यागत दिसलं, आन् ऱ्हायला.

तिसरा गज हिसक्यानं ढिला झाला व्हता, तो त्यांनी हातानंच पिरगाळून काढला. आन् ते वाळकं माणूस खिडकीतनं आत गेलं, आधी डोकं, मंग एक खांदा. मी मोजायले, येक, दोन, तीन. कितीपत्तुर मोजलं ध्यानात न्हाय. मंग खिडकीत शिवू आली, दोन हातांवर, सगळी पांढरी, पापण्यांवर सिमेटाची धूळ, डोळे मिटलेले. मला वाटलं संपलं.

ती शिंकली.

मी तिला अशी धरली की ती परत रडाय लागली. लोक हसायले, रडायले. चाचा खिडकीतनं बाहेर पडले, म्हंजी खरंच पडले, आन् तिथंच भुईला टेकून बसून ऱ्हायले. हाताची कातडी सोललेली. कुणी पाणी दिलं त्यांना, का दिलं न्हाय, मला आठवत न्हाय.

मामा मुरुम गावच्या बाजारातनं आले तवा गर्दी तशीच व्हती. त्यांनी नात बघितली, भिंत बघितली आन् चाचांपुढं जाऊन उभे ऱ्हायले.

"मिस्त्री, मोरी पुढं काढली. झाड लावलं न्हाय. रांजण ठेवला न्हाय. तुमी सांगितलं ते सगळं केलं. मंग हे कसं झालं?"

गर्दीतनं कुणीतरी म्हणलं, "बाकी तीन भिंतींना वरखडा न्हाय. चौथ्या कोपऱ्यालाच पाया कच्चा ठिवला, दुसरं काय."

चाचा उठले. दहा पावलं मागं व्हता तो खड्डा. मामांना हाताला धरून नुसतं दाखवायचं व्हतं. चिखल बोलला असता, त्यांना बोलायची गरज नव्हती. पर तिथं माझा पडदा व्हता, फळी व्हती, वर माझं वलं लुगडं वाळत घातलेलं. गल्लीतले सगळे बापय मागं मागं आले असते बाळंतिणीची न्हाणी बघायला.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी चुलीच्या खोलीच्या दारात, शिवूला पाजायले, शेजारी आत्या, माझ्या पाठीवर हात फिरवायल्या. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. आन् आत्या म्हणल्या, "गप, गप, पान्हा जाईल, बोलू नको." आन् मी गप बसले.

"व्हय मालक," चाचा म्हणले. "कोपरा माझा हाय. कसर माझीच ऱ्हायली."

पुढं दोन आठवडे ते एकटेच यायचे, मागल्या बाजूला न जाता, समोरनं तो तुकडा उतरवून परत रचायला. मामा त्यांच्याशी बोलायचे न्हाईत. च्या मीच द्यायचे. सव्वा महिना झाला, खड्डा बुजला, त्या दिशी त्यांनी मान खाली घालून इचारलं, "बुजवला?" मी म्हणलं, "व्हय." ते परत इटा रचाय लागले. मी ह्यांना फोनवर सांगायला गेले, तर मागं टरकाचा आवाज, म्हणले, "आत्ता नको, गाडी चालवायलोय." परत हिंमत झाली न्हाय.

गावात त्यांना बोलवणं बंद झालं. लोक लई वाईट बोलायचे न्हाईत, नुसतं बोलवायचे न्हाईत.

आता शिवू बसाय लागलीया, आन् आमच्या दिराचं लगीन ठरलंय. त्याची खोली आमच्या खोलीला लागून, मागल्या अंगाला, त्याच काळीत. नवा ठेकेदार हाय, तीन दिसांत पाया म्हणला. कमरेइतकं खांदून झालं. मामा म्हणतात, "त्या म्हाताऱ्याच्या नादानं पाताळ खांदलं, काय मिळालं?"

आज दुपारच्याला चाचा रस्त्यानं जाताना दिसले. एक पिशवी, एक गाठोडं. नळदुर्गाला लेकीकडं जायले व्हते, कायमचं. आमच्या अंगणापाशी थांबले. खांदलेल्या पायाच्या काठावर येऊन उभे ऱ्हायले आन् आत बघायले, लई वेळ, विहिरीत पडलेलं माणूस शोधावं तसं. मी शिवूला कडंवर घिऊन बाहेर आले.

"च्या घ्या चाचा."

"नक्को बेटी, गाडी चुकंल." मंग म्हणले, "येवढंच खांदणार हाय का?"

"व्हय. उद्या नारळ हाय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. काय मागितलं न्हाय. शिवूनं त्यांच्या दाढीला हात घातला, तो त्यांनी हळूच सोडवला, एक एक बोट, आन् गाठोडं उचलून निघाले. वळणावर जाईपत्तुर मी बघत ऱ्हायले. मागं वळले न्हाईत.

मामा वसरीतनं म्हणले, "काय म्हणत व्हता म्हातारा?"

"काय न्हाय मामा. जायलोय म्हणले."

सकाळी स्वामी येतील. त्या खोलीत माझी जाऊ यील, तिचं लेकरू निजंल, आन् तिच्या न्हाणीचा खड्डा आत्या कुठं काढतील मला ठाऊक हाय. आत्ता बोलले तर आत्यांचं तोंड गावात उतरंल, आन् मला इचारतील, येवढे दिस म्हातारा बदनाम झाला, तू काय करत व्हतीस? मला आई न्हाय जिच्याकडं जाईन.

बायांनो, तुमीच सांगा. त्या दिशी चुलीच्या दारात, अंगावर लेकरू पाजताना, पन्नास बापयांपुढं तुमी बोलला असता का? आन् तवा गप बसला असता, तर उद्या नारळ फुटायच्या आधी बोलला असता का?